कर्नल वॉर्निंग म्हणजे काय? औंढा नागनाथच्या लायगोसाठी संगणकाचा हा इशारा एवढा महत्त्वाचा का?

हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहणार आहे. तिच्याबद्दल बोलताना लेसर, आरसे, निर्वात नळ्या आणि आइनस्टाइन हे शब्द हमखास येतात. एक शब्द मात्र बातम्यांमध्ये फारसा दिसत नाही, तो म्हणजे कर्नल. अशा वेधशाळेतले आरसे जागेवर ठेवण्याचं काम शेवटी संगणकांकडे असतं, आणि त्या संगणकांमध्ये हे काम थेट लिनक्सच्या कर्नलमध्ये चालतं.

म्हणून कर्नलने एखादा इशारा दिला, तर तो वाचता येणारा माणूस वेधशाळेत असावाच लागतो. हा इशारा नेमका असतो काय, तो वाचायचा कसा आणि त्याच्या मुळाशी पोहोचायचं कसं, हे सोप्या भाषेत समजून घेऊ.

आधी कर्नल म्हणजे काय?

सैन्यातल्या कर्नलशी याचा काही संबंध नाही. बदाम फोडल्यावर आत जो गर निघतो, त्याला इंग्रजीत कर्नल म्हणतात. ऑपरेटिंग सिस्टिमचा तसाच आतला गाभा म्हणजे कर्नल.

तुम्ही फोनवर व्हिडिओ पाहता तेव्हा ते ॲप थेट मेमरीला, प्रोसेसरला किंवा स्क्रीनला हात लावत नाही. ते कर्नलकडे मागणी करतं. कोणत्या प्रोग्रॅमला प्रोसेसर किती वेळ द्यायचा, कोणाला किती मेमरी द्यायची, बाहेरून आलेला सिग्नल कोणाकडे पाठवायचा, हे सगळं कर्नल ठरवतो.

लिनक्स हा असाच एक कर्नल. फिनलंडमधला विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ मध्ये तो लिहायला सुरुवात केली. आज प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या आत लिनक्स आहे, जगातले बहुतेक सर्व्हर त्याच्यावर चालतात आणि लायगोची नियंत्रण यंत्रणाही त्याच्यावरच उभी आहे.

वॉर्निंग, ऊप्स आणि पॅनिक यांत फरक काय?

कर्नल लिहिणारे लोक कोडमध्ये जागोजागी तपासणी पेरून ठेवतात. ‘इथे हा आकडा शून्य असूच शकत नाही’, ‘इथे हे कुलूप आधीच लागलेलं असलं पाहिजे’, अशी गृहीतकं त्यात असतात. गृहीतक खोटं ठरलं की कर्नल बोलतो. त्याच्या बोलण्याच्या साधारण तीन पायऱ्या आहेत.

• वॉर्निंग: काहीतरी अशक्य वाटणारं घडलं आहे, पण काम पुढे चालू राहू शकतं. कर्नल सविस्तर नोंद करतो आणि पुढे जातो.
• ऊप्स: कर्नलच्या आतच मोठी चूक झाली. त्या वेळी जे काम चालू होतं ते बंद पाडलं जातं. यंत्र चालू राहील, पण त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही.
• पॅनिक: पुढे जाणं धोक्याचं आहे म्हणून कर्नल सगळंच थांबवतो.

विहिरीवरच्या मोटारीचं उदाहरण घ्या. एक फेज गेला की मोटार वेगळाच आवाज करत घोंगावते. ती वॉर्निंग. स्टार्टर ट्रिप होऊन मोटार बंद पडली, तर ते पॅनिक. जाणता शेतकरी आवाज बदलताच धावतो, कारण मोटार जळाल्यावर धावून उपयोग नसतो.

कर्नल लिहिणाऱ्यांमध्येही हाच शिरस्ता आहे. शक्य तिथे यंत्र पाडू नका, इशारा द्या आणि पुढे जा, असं लिनक्सच्या लेखननियमांत सांगितलेलं आहे. यंत्रच बंद पडलं तर काय बिघडलं याची नोंदही अनेकदा हाती लागत नाही.

काही ठिकाणी मात्र उलट सोय करून ठेवतात. पहिली वॉर्निंग येताच यंत्राने थांबावं, अशी सेटिंग लिनक्समध्ये आहे. चुकीची माहिती साठवण्यापेक्षा थांबलेलं बरं, असा त्यामागचा विचार असतो.

औंढ्याच्या वेधशाळेचा याच्याशी काय संबंध?

लायगो-इंडियाला तत्त्वतः मंजुरी मिळाली १७ फेब्रुवारी २०१६ रोजी, गुरुत्वीय लहरींचा पहिला शोध जाहीर झाल्यानंतर आठवड्याभरातच. पुढे ६ एप्रिल २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली आणि ११ मे २०२३ रोजी पायाभरणी झाली. पुण्याची आयुका, इंदूरची आरआरकॅट, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि अणुऊर्जा विभागाचं बांधकाम संचालनालय अशा चार संस्था हा प्रकल्प उभारत आहेत. वेधशाळा २०३० च्या सुमारास पूर्ण करण्याचं उद्दिष्ट आहे.

तिची रचना अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथल्या लायगोसारखीच असेल. काटकोनात दोन भुजा, प्रत्येकी ४ किलोमीटर लांब. दोन्ही भुजांमध्ये लेसरचा प्रकाश सोडायचा, टोकाच्या आरशांवरून तो परत आणायचा आणि दोन्ही प्रकाश एकमेकांशी ताडून पाहायचे. गुरुत्वीय लहर गेली की एक भुजा किंचित ताणली जाते, दुसरी किंचित आखडते. हा फरक प्रोटॉनच्या व्यासाहूनही शेकडो पटींनी लहान असतो.

एवढा बारीक फरक मोजायचा तर आरसे स्थिर हवेत. पण जमीन कधीच स्थिर नसते. दूरचे भूकंप, वारा, रस्त्यावरचे ट्रक, समुद्राच्या लाटा यांनी ती सतत थरथरते. म्हणून आरसे लोलकांना टांगलेले असतात आणि त्यांना सतत हलकेच ढकलून जागेवर ठेवावं लागतं. कुठल्या क्षणी किती ढकलायचं, याचा हिशेब संगणक करतात.

१५ मायक्रोसेकंदांची मुदत

अमेरिकेतल्या लायगोमध्ये सेन्सरकडून येणारे आकडे सेकंदाला ६५,५३६ वेळा वाचले जातात. म्हणजे दोन वाचनांमध्ये फक्त सुमारे १५ मायक्रोसेकंद मिळतात. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. ४ किलोमीटरची भुजा एकदा पार करायला प्रकाशालाच सुमारे १३ मायक्रोसेकंद लागतात, यावरून मुदत किती तोकडी आहे ते कळतं.

वेगवान नियंत्रणाची गणितं सेकंदाला १६,३८४ वेळा होतात. तिथे प्रत्येक फेरीला सुमारे ६१ मायक्रोसेकंद मिळतात. तेवढ्यात आकडा घ्यायचा, फिल्टरमधून काढायचा, उत्तर शोधायचं आणि आरशाकडे पाठवायचं. पुढच्या फेरीला उशीर चालत नाही.

साधा प्रोग्रॅम ही मुदत पाळू शकत नाही. कर्नल त्याला मध्येच थांबवून दुसऱ्याला संधी देतो. नेटवर्कवरून काही आलं किंवा डिस्कला काही लिहायचं असलं, की प्रोसेसर तिकडे वळतो. घरच्या लॅपटॉपवर हे जाणवतही नाही. आरशाच्या बाबतीत मात्र तेवढा उशीरही घातक.

लायगोच्या अभियंत्यांनी यावर काढलेला उपाय धाडसी आहे. त्यांनी नियंत्रणाचं कोड कर्नलचं मॉड्यूल म्हणून लिहिलं. मॉड्यूल म्हणजे चालू कर्नलला बाहेरून जोडता येणारा तुकडा. हे मॉड्यूल सुरू झालं की प्रोसेसरचा एक कोअर लिनक्सच्या ताब्यातून काढून घेतलं जातं. त्या कोअरवर मग फक्त एकच काम अखंड चालतं: आकडा वाच, गणित कर, उत्तर दे, पुन्हा आकडा वाच. मध्ये कोणीही व्यत्यय आणत नाही. उरलेल्या कोअरवर लिनक्स आपला नेहमीचा कारभार चालवतो.

कोअर काढून घेण्यामागचं आणखी एक कारण कर्नलच्या इशाऱ्यांकडे पाहिलं की लक्षात येतं. लिनक्समध्ये एक राखणदार असतो. एखादं कोअर साधारण २० सेकंद कर्नलमधल्या एकाच कामात अडकून पडलं, की तो ओरडतो: अमुक क्रमांकाचा सीपीयू २२ सेकंदांपासून अडकला आहे. याला सॉफ्ट लॉकअप म्हणतात. लायगोचं मॉड्यूल तर महिनोन्‌महिने एकाच चक्रात फिरण्यासाठीच लिहिलेलं असतं. साध्या लिनक्सवर ते तसंच चालवलं तर राखणदार थांबायचंच नाव घेणार नाही. म्हणजे एके ठिकाणी जो बिघाड, तोच दुसरीकडे मुद्दाम केलेला बेत असू शकतो. कुठलाही इशारा वाचताना हे ध्यानात ठेवावं लागतं.

इशारा वाचायचा कसा?

कर्नलची वॉर्निंग पहिल्यांदा पाहणारा घाबरून जातो. पन्नासेक ओळी, सोळाच्या पद्धतीतले आकडे, अनोळखी नावं. पण तिचा साचा ठरलेला आहे.

१. कापण्याची रेघ. सुरुवातीला तुटक रेघ असते आणि मध्ये ‘कट हिअर’, म्हणजे ‘इथून कापा’, असं लिहिलेलं असतं. नोंद कुठून कुठपर्यंत उतरवून घ्यायची, ते कर्नल स्वतःच सांगतो. शेवटी ‘एंड ट्रेस’ अशी ओळ येते.

२. जागा. पुढच्याच ओळीत कोणत्या कोअरवर, कोणत्या प्रोसेसमध्ये, कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीवर तपासणी फसली, हे असतं. सगळ्या नोंदीतली ही सर्वांत मोलाची ओळ. अर्धं काम इथेच होतं.

३. टेंट. म्हणजे डाग. कर्नल पूर्वीपासून ‘शुद्ध’ आहे की नाही, हे अक्षरांत लिहिलेलं असतं. ‘ओ’ म्हणजे मूळ लिनक्समध्ये नसलेलं मॉड्यूल जोडलं आहे. ‘पी’ म्हणजे बंदिस्त परवान्याचं मॉड्यूल आहे. ‘डब्ल्यू’ म्हणजे याआधीही वॉर्निंग येऊन गेली आहे. ‘डी’ म्हणजे आधी ऊप्स झालेलं आहे. हीच माहिती एका आकड्यातही मिळते. तो आकडा ४,६०८ असेल तर त्याची फोड ४,०९६ अधिक ५१२ अशी होते. ४,०९६ म्हणजे बाहेरचं मॉड्यूल, ५१२ म्हणजे आधीची वॉर्निंग.

४. कॉल ट्रेस. कोणी कोणाला बोलावलं याची ही साखळी. ती खालून वर वाचायची. तळाशी सुरुवात असते आणि वर चूक उघडकीला आली ती जागा. एखाद्या नावाआधी प्रश्नचिन्ह असेल तर ते नाव खात्रीचं नाही, असं कर्नल स्वतःच कबूल करतो.

५. नावापुढचे आकडे. फंक्शनच्या नावानंतर अधिक चिन्ह आणि तिरप्या रेघेने जोडलेले दोन आकडे दिसतात. पहिला सांगतो फंक्शनमध्ये किती आत गेल्यावर ही जागा आहे, दुसरा सांगतो फंक्शन एकूण केवढं आहे. कर्नलच्या मूळ कोडसोबत येणारी छोटी साधनं या आकड्यांवरून नेमकी फाइल आणि ओळ काढून देतात. त्यासाठी कर्नल बांधताना डीबगची माहिती जपून ठेवलेली असावी लागते.

मुळापर्यंत पोहोचायचं कसं?

पहिला नियम: पहिली वॉर्निंग शोधा. एकदा घडी विस्कटली की मागोमाग डझनभर इशारे येतात. स्क्रीनवर शेवटचा दिसतो आणि लोक त्याच्याच मागे लागतात. टेंटमध्ये ‘डब्ल्यू’ दिसलं तर समजावं की आपण पाहतोय तो पहिला नव्हे. काही इशारे यंत्र चालू झाल्यापासून एकदाच छापले जातील असे लिहिलेले असतात. त्यामुळे नोंद सुरुवातीपासून वाचावी लागते.

दुसरा नियम: तपासणी काय विचारते ते वाचा. दिलेली फाइल उघडून त्या ओळीवर जायचं. तिथे बहुतेक वेळा एक छोटी अट असते आणि जवळच ती का घातली याची टीप. कर्नलला नेमकं काय खटकलं, हे तिथे कळतं. पण जिथे चूक उघडकीला आली तिथेच ती झाली असेल असं नाही. कोणीतरी आधी मेमरी मोकळी केलेली असते आणि दुसरंच कोणीतरी नंतर तिला हात लावतं. ओरडा दुसऱ्याच्या नावावर पडतो, दोष पहिल्याचा असतो.

तिसरा नियम: ती पुन्हा घडवून आणा. कोणत्या क्रमाने काय केलं की वॉर्निंग येते, हे सापडलं की शोध सोपा होतो. ते सापडलं नाही, तर दुरुस्ती खरंच झाली की नुसता योगायोग, हेही सांगता येत नाही.

चौथा नियम: काल चालत होतं तर आज काय बदललं? लिनक्सच्या एका आवृत्तीपासून पुढच्या आवृत्तीपर्यंत बारा-पंधरा हजार बदल होतात. एकेक तपासत बसायची गरज नाही. मधला बदल घेऊन पाहायचा. वॉर्निंग आली तर दोषी पहिल्या अर्ध्यात, नाही आली तर दुसऱ्या अर्ध्यात. पुन्हा मधोमध. या पद्धतीने १६ हजार बदलांमधून दोषी बदल साधारण १४ चाचण्यांत सापडतो. गिट या साधनात यासाठी ‘बायसेक्ट’ नावाची सोयच आहे.

पाचवा नियम: भिंग लावा, पण योग्य जागी. कुलुपांचा क्रम तपासणारं लॉकडेप, मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं केसॅन, अशी साधनं कर्नलमध्ये आहेत. त्यांनी यंत्र मंदावतं. जिथे १५ मायक्रोसेकंदांचा हिशेब आहे तिथे ती चालू यंत्रणेवर लावता येत नाहीत. म्हणून असं कोड आधी वेगळ्या चाचणी-संगणकांवर चालवून पाहतात. अमेरिकेत कॅलटेकमध्ये ४० मीटर भुजांचं छोटं लायगो आहे, तेही अशाच प्रयोगांसाठी वापरलं जातं.

शोधण्यानेच बिघाड झाला तर?

सर्वसाधारण प्रोग्रॅममध्ये चूक शोधायची जुनी युक्ती म्हणजे मध्येमध्ये संदेश छापणं. ‘इथपर्यंत आलो’, ‘आकडा इतका आहे’. कर्नलमध्येही ती वापरतात. पण संदेश छापायलाही वेळ लागतो. १५ मायक्रोसेकंदांच्या फेरीत छापण्याची एक आज्ञा घातली, तर मुदत तिच्यामुळेच हुकू शकते. उलटही होतं. छापण्याने वेळेचं गणित थोडं बदलतं, मूळ चूक दडून बसते आणि आज्ञा काढली की परत येते.

म्हणून लायगोच्या यंत्रणेत प्रत्येक मॉड्यूल मजकूर छापण्याऐवजी आकडे ठेवतं. या फेरीला किती मायक्रोसेकंद लागले, आजवरचा कमाल किती, घड्याळाशी जुळणी आहे की नाही. मर्यादा ओलांडली की स्थिती दाखवणारा एक बिट बदलतो आणि नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर तो खूण बनून दिसतो. सगळी घड्याळं जीपीएसच्या वेळेशी मायक्रोसेकंदाच्या आत जुळवलेली असतात. तसं नसतं तर दोन वेधशाळांच्या नोंदी एकमेकींशी ताडताच आल्या नसत्या. १४ सप्टेंबर २०१५ च्या पहिल्या लहरीत लिव्हिंग्स्टन आणि हॅनफर्ड यांच्यातला फरक होता अवघा ७ मिलिसेकंदांचा.

एक क्षण चुकला तर काय जातं?

१७ ऑगस्ट २०१७ चं उदाहरण पाहा. १३ कोटी प्रकाशवर्षांवर दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले. त्यांची लहर लायगोने टिपली. पण टक्कर होण्याच्या सुमारे १.१ सेकंद आधी लिव्हिंग्स्टनच्या नोंदीत एक जोरदार खरखर आली. आरशाच्या नियंत्रणाचा सिग्नल बाहेर पाठवणारा परिवर्तक क्षणभर, ५ मिलिसेकंदांहूनही कमी वेळ, कमाल मर्यादेला जाऊन टेकला होता.

ही कर्नलची चूक नव्हती. पण परिणाम पाहण्यासारखा आहे. त्या खरखरीमुळे आपोआप चालणाऱ्या शोधयंत्रणेने लिव्हिंग्स्टनचा सिग्नल बाजूला ठेवला. पहिली सूचना एकट्या हॅनफर्डच्या जोरावर गेली. माणसांनी नोंद उघडून पाहिली तेव्हा खरखरीच्या मागे लहर स्पष्ट दिसत होती. ती साफ करून आकाशाचा नेमका नकाशा द्यायला काही तास गेले. त्यानंतरच दुर्बिणी योग्य दिशेला वळल्या आणि सुमारे ११ तासांनी एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत त्या टकरीचा प्रकाश सापडला.

अशी टक्कर पुन्हा घडवून आणता येत नाही. संगणकातली चूक पुन्हा घडवता येते, ताऱ्यांची टक्कर नाही. म्हणून नियंत्रण यंत्रणेतला बारीकसा इशाराही ‘चालतंय ना, मग राहू दे’ म्हणून सोडता येत नाही. आज दिलेली वॉर्निंग महिनाभर काहीच बिघडवणार नाही आणि नेमकी लहर येईल त्या सेकंदाला फेरी चुकवेल, असं होऊ शकतं. औंढ्याची वेधशाळा अमेरिकेतल्या दोन्हींपासून खूप दूर आहे. लहर आकाशात नेमकी कुठून आली हे ठरवताना तिचा उपयोग होणार आहे तो याच अंतरामुळे. त्या क्षणी ती बंद असेल, तर तो फायदा मिळणार नाही.

हे शिकायला वेधशाळा लागत नाही

लायगो म्हटलं की भौतिकशास्त्र एवढंच डोळ्यांपुढे येतं. पण वेधशाळा वर्षानुवर्षं चालू ठेवायला निर्वात यंत्रणा, वीज, इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणक सांभाळणारी माणसंही लागतात. कर्नलचा इशारा वाचणं हे त्यातलंच एक कौशल्य, आणि ते शिकायला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. लिनक्सचं सगळं कोड सर्वांसाठी खुलं आहे. लायगोच्या या नियंत्रण यंत्रणेचं कोडही खुलं आहे.

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाका. टर्मिनल उघडून ‘डीमेसेज’ ही आज्ञा द्या. ती इंग्रजीत डी, एम, ई, एस, जी अशी लिहितात. यंत्र सुरू झाल्यापासून कर्नल काय काय बोलला, ते समोर येईल. काही यंत्रांवर त्यासाठी ॲडमिनचा अधिकार लागतो. त्यात एखादी ‘कट हिअर’ची रेघ सापडली, तर तिथून वाचायला सुरुवात करा: जागा कोणती, डाग कोणते, साखळी कुठून सुरू झाली.

नाही सापडली, तरी हरकत नाही. मग स्वतःच एक छोटं मॉड्यूल लिहून त्यात मुद्दाम खोटी ठरणारी तपासणी घालता येते. मात्र हे कामाच्या संगणकावर करू नये. संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणाऱ्या व्हर्च्युअल मशीनमध्ये करावं. तिथे पॅनिक झालं तरी खिडकी बंद करून परत उघडायची, एवढंच.